चर, नाला, गटार : विद्याधर नगरच्या निमित्ताने पाण्याच्या वाटेचा इतिहास

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर, वायव्येस, नाहरगडच्या डोंगररांगेच्या पायथ्यालगत विद्याधर नगर ही वसाहत आहे. १९८२ मध्ये जयपूर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्यानंतर दोन-चार वर्षांतच या वसाहतीचा आराखडा बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी यांच्याकडून करून घेण्यात आला. दोशी घराणे गुजराती. परंतु त्यांचा जन्म १९२७ मधला, पुण्याचा. वास्तुकलेचे पहिले शिक्षण त्यांनी मुंबईच्या जे. जे. मध्ये घेतले आणि नंतर पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली काम केले. वसाहतीला नाव मिळाले ते विद्याधर भट्टाचार्यांचे. अठराव्या शतकातला हा बंगाली ब्राह्मण आमेर दरबारच्या हिशेबखात्यात होता आणि सवाई जयसिंगाच्या नव्या नगराच्या उभारणीशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. बंगाली कारभाऱ्याच्या नावाने, पुण्यात जन्मलेल्या गुजराती वास्तुकाराने, राजस्थानच्या वाळूत आखलेली ही वसाहत तौलनिक अभ्यासकाला आधीच परिचित वाटावी अशी आहे. मात्र प्रस्तुत निबंधाचा विषय इमारती हा नाही. पावसाळ्यातील दोन-अडीच महिने डोंगरावरून खाली येणारे पाणी या भूमीतून कोणत्या वाटेने गेले, त्या वाटेला लोकांनी कोणती नावे दिली, आणि नाव बदलले तसे त्या वाटेचे काय झाले, हा आहे.

पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी उथळ, पसरट, गवताने आणि झुडपांनी झाकलेला चर खणायचा, म्हणजे पाण्याचा वेग मोडतो, गाळ मागे राहतो आणि बरेचसे पाणी जमिनीत मुरते, ही कल्पना गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगभरच्या नगररचनाकारांत रूढ झाली आहे. इंग्रजीत अशा चरास 'स्वेल' आणि अलीकडे 'बायोस्वेल' म्हणतात. कॅलिफोर्नियातील डेव्हिस या गावी १९७० च्या दशकात मायकेल आणि ज्युडी कॉर्बेट या दांपत्याने दोनशेहून अधिक घरांची वसाहत उभारली, तेव्हा जमिनीखालच्या नळांऐवजी असे उघडे चर ठेवण्यास गावच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली होती आणि हमीदाखल रक्कम ठेवून घेतली होती. पुढे मोठा पाऊस झाला, तेव्हा या चरांनी स्वतःचे पाणी तर जिरवलेच, शेजारच्या वसाहतींच्या तुंबलेल्या नळांतून आलेलेही सामावून घेतले. १९९० च्या दशकात मेरिलँड आणि ऑरेगन या प्रांतांत हीच रीत शहरी धोरणाचा भाग झाली. २०१४ नंतर चीनने 'स्पंज-नगर' या नावाने ती मोठ्या प्रमाणावर अंगीकारली. भारतीय महानगरांच्या आराखड्यांत ती आता आढळते, बहुधा इंग्रजी नावानिशी. मराठीत तिला स्थिर प्रतिशब्द नाही. पारिभाषिक कोशांची ही उणीव वाटेल; वस्तुतः अडचण उलट आहे. मराठीत या वस्तूसाठी शब्द फार आहेत, आणि त्यांतला एकही शहरात राहिलेला नाही.

देशावर ओढा, कोकणात वहाळ आणि पऱ्या, डोंगरउतारावर ओघळ, पाणी साठून राहील अशा सखल जागेला लवण, माणसाने बांधलेल्या वाहत्या पाण्याला पाट, आणि खणलेल्या लांबट खड्ड्याला चर. यांपैकी प्रत्येक शब्द उतार, माती आणि ऋतू यांची काही माहिती बरोबर घेऊन येतो. ओघळ म्हटला की माती वाहून चालली आहे हे कळते. लवण म्हटली की तेथे घर बांधू नये हेही कळते. नाला हा शब्द या मालिकेत वेगळा पडतो. विदर्भात तो अद्याप वाहत्या झऱ्यालाही लावला जातो, परंतु पुण्या-मुंबईच्या बोलण्यात नाला म्हणजे सांडपाण्याचा प्रवाह, आणि त्याच्या पुढची पायरी गटार. एकाच वाहत्या पाण्याला आजोबांनी ओढा, मुलाने नाला आणि नातवाने गटार म्हणावे, अशी उदाहरणे महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत सापडतील. येथे केवळ अर्थच्युती झालेली नाही. ओढ्याकडे गाव तोंड करून बसते; गटाराकडे शहर पाठ करते, आणि शक्य झाल्यास त्यावर फरशी घालते.

राजस्थानी बोलींचा शब्दसंग्रह या बाबतीत आणखी काटेकोर आहे, कारण तेथे पाणी कमी. अनुपम मिश्र यांच्या 'आज भी खरे हैं तालाब' (१९९३) आणि 'राजस्थान की रजत बूंदें' (१९९५) या हिंदी पुस्तकांनी हा संग्रह देशभरच्या वाचकांपुढे आणला. तलावात पाणी ज्या भूमीवरून वाहत येते ती 'आगोर', पाणी जेथे साठते ते 'आगर', जादा पाणी जेथून बाहेर पडते तो 'नेष्टा', देवाच्या नावाने राखलेले रान ते 'ओरण'. मराठीत नेष्ट्याला सांडवा आहे, ओरणाला देवराई आहे. आगोराला मात्र तोलाचा लोकशब्द नाही. 'पाणलोट क्षेत्र' हा आपला शब्द सरकारी कागदावरून गावात आला. फरक केवळ भाषिक नाही. आगोर ही राखण्याची जागा होती: तेथे जोडे घालून जायचे नाही, घाण करायची नाही, गुरे सोडायची नाहीत. पाणलोट क्षेत्र ही मोजण्याची जागा आहे. एका शब्दाबरोबर निर्बंध येतात, दुसऱ्याबरोबर हेक्टर.

आगोराची ही शिस्त जयपूरच्या डोंगरांवर दगडात कोरलेली दिसते. जयगडाच्या टाक्यांत अरवलीच्या उतारांवरचे पाणी लांबच लांब पाटांनी आणलेले आहे. वाटेत गाळ खाली बसावा म्हणून खड्डे आहेत. नाहरगडाची पायविहीर अशाच पाटांच्या जाळ्याने भरत असे. गडावरील पाण्याची ही चिंता मराठी वाचकाला अनोळखी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे, ते नसल्यास खडक फोडून टाकी बांधावीत, आणि केवळ झऱ्यावर विसंबू नये, असा उपदेश आहे. आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. जयसिंगाचे नगर त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, १७२७ मध्ये वसू लागले. दोन्हींमागे एकच शहाणपण आहे: पाणी आकाशातून कोठेही पडते, परंतु ते कोठे थांबेल हे उतार ठरवतो, आणि उतार वाचणे ही राजनीतीची बाब आहे.

जयपूरचा नकाशा पाहणाऱ्याचे लक्ष नऊ चौरसांच्या रचनेवर खिळते आणि वास्तुशास्त्राची चर्चा सुरू होते. त्यामानाने उताराकडे कमी लक्ष जाते. सूरजपोल ते चांदपोल हा पूर्व-पश्चिम राजमार्ग एका नैसर्गिक उंचवट्याच्या माथ्यावरून काढलेला आहे. त्यामुळे चौकड्यांमधले पाणी उत्तरेस आणि दक्षिणेस आपोआप वाहून जाते. उत्तरेकडच्या सखल भागात, राजवाड्याच्या मागे, तालकटोरा आणि राजामलचा तलाव हे पाणी झेलीत. गिरधारी कवीच्या 'भोजनसार' (१७३९) या काव्यात राजाने विद्याधरास नगर वसवण्याची आज्ञा केल्याचा उल्लेख येतो. भोजनावरच्या ग्रंथात नगराची कथा यावी हे त्या काळच्या दरबारी वाङ्मयाच्या रीतीस धरूनच आहे. राजामलचा तलाव पुढे बुजला आणि त्यावर कंवर नगर ही वस्ती उभी राहिली. सखल जागेवर वस्ती बसली तरी सखलपणा जात नाही, हे पावसाळ्यात तेथील लोकांना वेगळे सांगावे लागत नाही.

याच उत्तरेकडच्या भागात, नाहरगडाच्या पायथ्याशी, ब्रह्मपुरी आहे. रत्नाकर पौंडरीक हे जयसिंगाचे गुरू मूळचे महाराष्ट्रीय. 'जयसिंहकल्पद्रुम' हा त्यांचा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ १७१३ चा. त्यांच्या घराण्याची भित्तिचित्रांनी सजलेली हवेली ब्रह्मपुरीत आजही दाखवली जाते. युक्लिडच्या भूमितीचा अरबीवरून 'रेखागणित' नावाने संस्कृत अनुवाद करणारे जगन्नाथ सम्राट हेही परंपरेप्रमाणे दक्षिणेतून आणलेले महाराष्ट्रीय पंडित. या मंडळींना नगररचनेचे श्रेय देण्याचा मोह मराठी लेखकांना होतो, तो टाळावा. एवढे मात्र खरे की जयपूर आणि पुणे या दोन शहरांचा संबंध त्या काळी जवळचा होता. बाजीरावाने शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला, जयपूर वसू लागल्यावर तीन वर्षांच्या आत. १७३५ मध्ये त्याची आई राधाबाई काशीयात्रेच्या वाटेवर जयपुरात होती आणि तिचे स्वागत जयसिंगाने मानाने केले. पुढच्याच वर्षी राजा आणि पेशवा यांची भेट झाली. दोन्ही शहरे एकाच पिढीत वाढत होती, आणि दोघांच्याही पश्चिम अंगाला पावसाळ्यात फुगणारा एक प्रवाह होता.

पुण्याचा तो प्रवाह म्हणजे आंबिल ओढा. कात्रजच्या डोंगरातून निघून तो शहराच्या दिशेने येई. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत त्याची वाट वळवण्यात आली, पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधण्यात आले, आणि त्या तळ्यातल्या बेटावर पुढे गणपतीचे देऊळ झाले. आजची सारसबाग ती हीच. कात्रजहून नळाने शहराला पाणी आणण्याचे कामही त्याच कारकिर्दीतले. म्हणजे पिण्याचे पाणी, पुराचे पाणी आणि देवाचे तळे ही एकाच योजनेची अंगे होती. पुढच्या शतकात पिण्याचे पाणी खडकवासल्याहून येऊ लागले, तळ्याची बाग झाली, आणि ओढ्याकडे पाहण्याचे शहराला कारण उरले नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला. त्या एका रात्रीच्या पावसाने पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. दुसऱ्या दिवशीच्या बोलण्यात 'ओढा' हा शब्द पुन्हा ऐकू येऊ लागला. आदल्या दिवसापर्यंत अनेकांच्या लेखी तो नाला होता.

जयपूरच्या प्रवाहाची कहाणी नावांच्या दृष्टीने अधिक गुंतागुंतीची आहे. नाहरगडच्या मागच्या डोंगरांतून निघून, आजच्या विद्याधर नगरच्या बाजूने शहराच्या पश्चिमेस दक्षिणेकडे वाहत ढूंढ नदीस मिळणाऱ्या या प्रवाहास द्रव्यवती, दरभावती अशी जुनी नावे आहेत. अमानीशाह या फकिराच्या नावावरून तो अमानीशाहचा नाला झाला. हे नाव हिणवणारे नव्हते. काठावरच्या दर्ग्याने ते दिले होते. महाराजा रामसिंगांच्या काळात, १८७० च्या दशकात, याच प्रवाहाचे पाणी वाफेच्या पंपाने उचलून नळाने शहराला पुरवण्याची व्यवस्था झाली. १८८७ मध्ये राजपुतान्यात हिंडणाऱ्या किपलिंगला जयपुरातील नळ आणि गॅसचे दिवे यांचे नवल वाटले होते. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी जयपूर हा नाला पीत होते. जे पाणी पितात त्यात घाण टाकीत नाहीत. पाणी दुसरीकडून येऊ लागले की ही आडकाठी जाते. विसाव्या शतकात रामगडच्या आणि पुढे बिसलपूरच्या धरणाचे पाणी आले आणि अमानीशाहचा नाला हळूहळू 'गंदा नाला' झाला. पुणे आणि जयपूर यांच्या इतिहासात दूरच्या धरणाने जवळच्या ओढ्याचा घात केला आहे, तो असा, कोणी ठरवून न करता.

जुलै १९८१ मध्ये जयपुरात एका दिवसात तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. म्हणजे वर्षाच्या सरासरीचा निम्मा. रेताड जमीन फाटून खोल घळी पडल्या, घरे वाहून गेली. प्राधिकरणाची स्थापना आणि विद्याधर नगरचा आराखडा हे या पुरानंतरच्या चार-पाच वर्षांतले. दोशींनी जुन्या जयपूरच्या चौकड्यांचा, चौकांचा आणि सावलीच्या गल्ल्यांचा अभ्यास करून नवा आराखडा मांडला. मधोमध एक रुंद, हिरवा कणा कल्पिला. नळ आणि पंप यांच्याऐवजी उतार, सावली आणि झाड यांच्यावर भिस्त ठेवणारी ही दृष्टी होती. १९८० च्या दशकातील भारतीय नगररचनेत ती विरळाच म्हटली पाहिजे. प्रत्यक्षात आराखड्याचा काही अंशच उतरला. मधला पट्टा 'सेंट्रल स्पाइन' या इंग्रजी नावाने शाबूत राहिला, भूखंड विकले गेले, बांधकामे ज्याने त्याने आपल्या सोयीने केली. आराखड्याचे वाङ्मयीन लेखनाशी येथे एक साम्य दिसते: कर्ता एक संहिता लिहितो आणि वाचणारा दुसरीच वाचतो. फरक इतकाच की काव्याच्या विपरीत वाचनाने कोणाच्या घरात पाणी शिरत नाही.

१४ ऑगस्ट २०२० रोजी जयपुरात काही तासांच्या पावसाने शहराच्या पूर्वेकडील लाल डूंगरीच्या पायथ्याच्या गणेशपुरी वस्तीत डोंगराची वाळू वाहून आली. घरे आणि वाहने वाळूखाली गाडली गेली. ती उपसण्यास कित्येक दिवस लागले. वस्ती दुसऱ्या टोकाची असली तरी धडा विद्याधर नगरलाही लागू पडतो, कारण त्याच्याही डोक्यावर डोंगर आहे आणि पायाखाली वाळू. जयपूरचा पाऊस पाणी आणतो त्याहून जास्त वाळू आणतो. अमेरिकेतील हस्तपुस्तिकांतला चर येथे जसाच्या तसा आणता येत नाही तो याच कारणाने. त्या पुस्तिका सांगतात की चराच्या बाजू अंगावर येणाऱ्या नसाव्यात, तळाचा उतार शंभरात एक ते चार असावा, त्याहून अधिक असल्यास आडवे बांध घालावेत, आणि साठलेले पाणी दोन दिवसांत जिरावे, म्हणजे डास होत नाहीत. हे सर्व खरे आहे. परंतु तेथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो आणि चरातली हिरवळ हिरवी राहते. जयपुरात वर्षाचा सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस बहुतांशी जुलै ते सप्टेंबरात येतो. उरलेले आठ-नऊ महिने चर कोरडा असतो, वारा त्यात वाळू लोटतो, आणि हिरवळ लावली तर तिला जगवण्यासाठी पाणी घालावे लागते. पाणी वाचवण्यासाठी खणलेल्या चराला टँकरने पाणी घालणे हा विनोद अनेक शहरांत चाललेला आहे.

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात हा प्रश्न फार पूर्वीच विचारला गेला होता. जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये असे प्रतिपादन आहे की पूर्वी डोंगरावरील पालापाचोळा, शेण आणि कुजका माल पावसाबरोबर शेतात उतरून जमिनीचा कस वाढवीत असे. जंगल खात्याने डोंगर अडवले आणि हा पुरवठा तुटला. उपाय म्हणून सरकारने आपल्या रिकाम्या फौजेकडून आणि पोलिसांकडून जागोजाग ताली-बंधारे असे बांधून घ्यावेत की पावसाचे पाणी शेतांत मुरून मग ओढ्यास मिळेल, अशी त्यांची मागणी होती. फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या परिच्छेदाला वेगळे वजन येते. मोठे धरण आतून पाहिलेला माणूस येथे लहान तालीची बाजू घेतो आहे. मराठी समीक्षेने 'असूड'चे वाचन प्रामुख्याने सामाजिक शोषणाचे दस्तऐवज म्हणून केले, आणि ते योग्यच आहे. त्यातील जलविचार मात्र परिशिष्टासारखा राहिला. वस्तुतः पाणी कोणाच्या शेतात मुरते हा प्रश्न त्या ग्रंथाच्या मुख्य प्रश्नापासून निराळा काढता येत नाही.

पुढे १९३० च्या दशकात सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रावर ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहून जाणारे पाणी आणि माती यांची मोजमापे केली. १९४२ च्या मुंबई प्रांताच्या जमीन सुधारणा कायद्याने समतल बांधबंदिस्तीस अधिकृत चौकट दिली. १९७२-७३ च्या दुष्काळात लाखो हातांनी बांध घातले, चर खणले. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आला. 'सलग समतल चर' हा शब्दप्रयोग ग्रामसभेच्या तोंडी रुळला तो यानंतरच्या काळात. मात्र नुसते चर खणून भागत नाही हेही या प्रयोगांनी दाखवले. काठावर गवत नसलेला चर दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९९० च्या दशकात चर खणण्याबरोबरच चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी झाली. गुरे डोंगरावर सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून घरी न्यायचे, असा गावाने नियम केला. चर आणि चराई या दोन शब्दांत काही व्युत्पत्तीचे नाते शोधण्याच्या फंदात पडण्याचे कारण नाही. व्यवहारात मात्र नाते पक्के आहे: चरणारे जनावर चराचा काठ मोडते, आणि कापणारा हात तो राखतो. गवताचा हक्क कोणाचा हे ठरले की चर कोणी सांभाळायचा हेही ठरते.

हाच मुद्दा शहरात येताना गळतो. शहरातील चराचे गवत कोणाचे नसते. ते कापण्याचे काम कंत्राटात असते आणि कंत्राट बहुधा दर महिन्याला हिरवळ सारखी करण्याचे असते, म्हणजे मुळे खोल जाऊ नयेत अशी व्यवस्था. ज्या द्रव्यवतीला २०१६ पासून पुनरुज्जीवनाचे मोठे काम लाभले तिची स्थिती या दृष्टीने बोलकी आहे. सुमारे साडेसत्तेचाळीस किलोमीटरच्या या प्रवाहावर सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे उभी राहिली, काठाने फिरण्याच्या वाटा आणि बागा झाल्या, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये काही भागाचे लोकार्पण झाले. जुने संस्कृत नावही अधिकृतपणे परत आले. सांडपाणी शुद्ध करणे हे काम लहान नव्हे आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रवाहाचा तळ आणि काठ मोठ्या लांबीवर काँक्रीटने बांधले गेले. पाण्याला नदीचे नाव मिळाले आणि शरीर गटाराचे राहिले. फकिराचे नाव असताना जो प्रवाह वाळूतून झिरपत असे, तो नदीचे नाव लावून मुरायचा थांबावा, ही विसंगती भाषेच्या अभ्यासकाने तरी नोंदवली पाहिजे. नाव बदलणे सोपे असते. ते वस्तूच्या आधी बदलले की वस्तूची चौकशी थांबते.

विद्याधर नगरमध्येच याच्या उलट दिशेचा एक प्रयोग दिसतो. नाहरगडच्या पायथ्याच्या वाळूच्या टेकड्यांवर प्राधिकरणाने किशनबाग हे उद्यान डिसेंबर २०२१ मध्ये खुले केले. त्याची क्षेत्रमर्यादा ६४ हेक्टरांच्या घरातली, आणि वनस्पतींची योजना प्रदीप कृष्ण यांची. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याखालचे राव जोधा मरु-शिला उद्यान त्यांनीच त्याआधी घडवले होते. तेथे खडकात रुतलेली वेडी बाभूळ मुळासकट काढण्यासाठी खांडवालिया समाजाच्या पाथरवटांची मदत घ्यावी लागली. दगडावर ठोका मारून आवाजावरून तो कोठे फुटेल हे त्यांना कळे. किशनबागेत हिरवळ नाही. वाळू धरून ठेवणारी मरुभूमीचीच झाडे-झुडपे आणि गवते तेथे लावली आहेत आणि लोकांनी टेकड्या तुडवू नयेत म्हणून लाकडी वाटा उचलून बांधल्या आहेत. ज्याला इंग्रजीत बायोस्वेल म्हणतात तो चर येथे आखलेला नसला, तरी चराने जे काम करायचे ते ही भूमी करते: डोंगरावरून उतरणारे पाणी वस्तीत पोचण्याआधी त्याचा वेग मोडते आणि वाळू जागच्या जागी ठेवते. जोडे काढून जाण्याचा जुना नियम आणि या लाकडी वाटा यांत तत्त्वतः अंतर नाही. ही आगोराचीच राखण होय. फक्त राखणदार आता तिकीट घेतो.

अशा भूमीसाठी चराच्या काठी कोणते गवत लावावे याचे उत्तर पूर्व राजस्थानच्या शेतकऱ्याने केव्हाच दिलेले आहे. जयपूर, सीकर, झुंझुनू या भागांत रेताड शेतांच्या बांधांवर आणि पाण्याच्या ओघळींच्या कडेने मूंज वाढवतात. तिचे जुंबाडे माणसाहून उंच होते, मुळे वाळू घट्ट बांधतात, आणि आठ महिने पाऊस नसला तरी ती मरत नाही. परंतु ती टिकली आहे याचे खरे कारण तिचा उपयोग. तिच्या सालीची दोरी होते, त्या दोरीने खाटा विणतात. काड्यांचे मुढे आणि पडदे होतात, पात्याने छपरे शाकारतात. ज्या गवताला गिऱ्हाईक आहे त्याच्या मुळाशी असलेला बांध कोणी मोडू देत नाही.

मराठी वाचकाला हे गवत पाहून ओळखता येईलच असे नाही, जरी त्याचे नाव त्याच्या घरात आहे. मुंज या संस्काराचे नाव याच मुंजा गवताच्या मेखलेवरून आले. मौंजीबंधन म्हणजे मुंजाची मेखला बांधणे. दख्खनच्या काळ्या मातीत आणि बेसाल्टावर ही वनस्पती सहज भेटत नाही, म्हणून मेखला दर्भाची झाली, सुताची झाली, आणि शब्द गवतापासून सुटून समारंभाला चिकटला. जयसिंगाच्या ब्रह्मपुरीत येऊन राहिलेल्या पंडितांना मात्र शब्द आणि वस्तू पुन्हा एकत्र मिळाल्या असतील. दाराबाहेरच्या ओघळीच्या काठी ती उभी असे. विद्याधर नगरच्या मोकळ्या भूखंडांच्या कडेने, जेथे पावसाळ्यात डोंगराचे पाणी येऊन थबकते, तेथे आजही मूंज आपोआप रुजते. पाऊस संपला की तिच्यावर पांढरे तुरे येतात, आणि कार्तिकानंतर, तुरे वाळले म्हणजे, ती बुडापासून कापतात. पुढच्या आषाढापर्यंत तिला पुन्हा फुटवा आलेला असतो.